एकेकाची बारी

चहा बशीत ओतायचा, पण स्वतः कपातूनच प्यायचा. बशीतला निवलेला भिकासाठी.

घराबाहेर पडला की आधी मान वर करून स्लॅबवरच्या डिशकडे बघायचा. मग चपला शोधायचा.

कुठलंही माप बोटांत सांगायचा. दूध दोन बोटं कमी आहे. खिडकी एक बोट उघडी ठेव.

टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा. मग डाव्या हाताची मूठ तोंडाजवळ धरून स्वतः बोलायचा. मुठीत काही नसायचं.

आणि शर्यतीच्या शेवटी, पहिली सायकल रेघेपार जाताना, नेमका तेव्हाच गप्प व्हायचा.

गोरखदादाला जाऊन चार महिने झाले. मला अजून त्याच्या सवयीच आधी आठवतात. तो नंतर आठवतो.

आमचं गाव येडगावच्या धरणाच्या अलीकडे. गोरखदादाचं घर आमच्या घराला लागून. तो पंपाच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळलेली मोटार उघडून तिच्यात नवी तांब्याची तार गुंडाळायचा. त्याआधी गावात केबल त्यानेच आणली होती. आठ फुटी जाळीची डिश ट्रॅक्टरमधून आली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे नारायणगावहून मोठ्या केबलवाल्याच्या तारा आल्या. लोक तिकडे गेले. डिश स्लॅबवरच राहिली. तिच्यावर फुकट दिसतील ती चॅनेलं दिसायची. रशियाचं, चीनचं, कुठलं कुठलं. कुणाला समजायची नाहीत.

त्याहीआधी तो माईकवाला होता. हे मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. इथे गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एकेक सुटतो. चार बैल, आणि त्यांच्यापुढे घोडी. घोडीवर स्वार. बैल घोडीच्या मागे धावतात. घोडी जिंकत नाही, हरत नाही. ती फक्त पुढे असते. घड्याळावर सेकंद मोजतात. एका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात, आणि दिवसभरात ज्याची बारी सगळ्यांत कमी वेळाची, तो घाटाचा राजा. जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत गोरखदादाचा आवाज लोक लांबून ओळखायचे. गाडा निशाणापार गेला की तो एकच शब्द ओरडायचा. "झाली!" बारी झाली. त्या शब्दावर माणसं टोप्या उडवायची.

भिका त्याचा धाकटा भाऊ. घोडीचा स्वार.

चैत्रातल्या जत्रेत आमच्याच घाटात भिकाची घोडी अडखळली. धुरळा होता, भंडारा उधळला होता. मचाणावरून गोरखदादाला फक्त बैल दिसले. बैल निशाणापार गेले. वेळ चांगला होता. तो ओरडला, "झाली! झाली! झाली! घाटाचा राजा!" तेव्हा भिका मागे पडलेला होता. चार बैल आणि गाडा त्याच्यावरून गेला होता.

भिका जगला. कमरेखालचं सगळं गेलं. गोरखदादाने त्यानंतर माईक हातात धरला नाही. त्या शब्दाशी तर त्याने कट्टीच केली. "जेवणं झाली का?" असंही तो विचारत नसे. "जेवलात का?" म्हणायचा. हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं लागली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंटला रोज बसवत जा, नाहीतर पाठीला जखमा होतील. छताच्या कडीला दोर बांधून दिला होता, धरून उठायला. भिका दोराला हात लावत नसे. बसवला तर शिव्या द्यायचा. मग जखमा व्हायच्या. अंजनावहिनी, म्हणजे गोरखदादाची बायको, त्या धुवायची. भिंतीकडे तोंड करून भिका पडून असायचा. जत्रेच्या दिवशी लांबून कर्णा ऐकू यायचा तेव्हा म्हणायचा, "दार लावा."

पहिली सायकल शर्यत दिसली ती पुढे काही वर्षांनी, मे महिन्यात. मी कॉलेजात होतो. क्रिकेट दिसतंय का बघायला गेलो होतो. गोरखदादा बटणं दाबत होता. एक इटलीचं चॅनेल लागलं. डोंगरातला नागमोडी रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं, शंभरभर सायकली. गोरखदादा पुढचं बटण दाबणार होता.

"थांब," भिका म्हणाला.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. त्याने मान वळवली होती.

"दादा, ती बघ घोडी."

सायकलींच्या पुढे एक मोटारसायकल होती. मागे उलटा बसलेला माणूस कॅमेरा धरून होता.

"अरे, ती शूटिंगवाली हाय," गोरखदादा म्हणाला.

"घोडीच हाय. बघ, अंतर कसं राखलंय. मागं वळून बघतोय, जवळ आलं की वाढवतोय. लई तयार स्वार हाय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, बोल की."

"काय बोलू?"

"बारी बोल."

गोरखदादा उभा राहिला. त्याचा हात आपोआप तोंडाशी गेला. त्याने खाकरून घसा साफ केला. 

"ऐका मंडळी, ऐका! गुलालवाल्यांचा गडी पुढं निघाला हो! उचल पाय, उचल! अरे खाली काय बघतो, डोंगर खाली नसतो! आला झेंडूवाला, आला मागून, पावणं, सरका रस्त्यातनं, तुमच्या धोतरात चाक घुसंल!"

"धोतर कुठलं त्याला," भिका म्हणाला. "चड्डीवर उभा हाय त्यो."

"मग चड्डीत घुसंल!"

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. भिका हसत होता. त्याने दोर धरला होता आणि तो अर्धा उठून बसला होता.

त्यानंतर आमचं वर्ष त्या शर्यतींवर चालायला लागलं. मेमध्ये इटली, जुलैत फ्रान्स, पाऊस सरता सरता स्पेन. चॅनेल कधी या देशाचं, कधी त्या. भाषा एकही येत नव्हती. खेळाडूंची नावं वाचता यायची नाहीत, म्हणून कपड्यांवरून नावं पडली. गुलालवाले, झेंडूवाले, मेथीची जुडी. डोंगराच्या चढात पहिला येणाऱ्याला ठिपक्यांचा सदरा मिळतो हे कळलं त्या दिवशी दोघं भाऊ एकदम म्हणाले, "घाटाचा राजा!" यात समजवायला काही उरलंच नव्हतं.

शेजारचे चांगदेव आप्पा यायचे, तंबाखू मळत बसायचे. "सायकली बघायला डिश लागती व्हय रं? माझी बघ की. पंक्चर हाय, पण फुकट हाय."

"तुमच्या सायकलीपुढं घोडी न्हाई आप्पा," भिका म्हणायचा.

पण भिकाची खरी शर्यत वेगळी होती. या मोठ्या शर्यतींत एखाद-दोन दिवस असे असतात की सायकलवाले घोळक्याने निघत नाहीत. एका उतरत्या फळीवरून एकेक सुटतो. एकटा पळतो. घड्याळ लावलेलं असतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिकाने पाच-सहा जणांचे सेकंद बोटांवर मोजले. मग म्हणाला, "ही आपली." त्या दिवसाला आम्ही एकेकाची बारी म्हणायला लागलो. त्या दिवशी भिका सकाळीच अंघोळ मागायचा. दाढी करून घ्यायचा. दुपारपासून दोर धरून ताठ बसायचा, शेवटचा माणूस येईपर्यंत. शर्यतींच्या महिन्यांत त्याची पाठ बरी व्हायची. हिवाळ्यात पुन्हा चिघळायची. वहिनी एकदा मला म्हणाली, "डॉक्टरपेक्षा त्या डिशला नारळ फोडला पायजे."

शेवटच्या रेघेवर मात्र गोरखदादा गप्प व्हायचा. भिकाला त्याचं कारण ठाऊक होतं. एकदा गोरखदादा बाहेर गेल्यावर तो मला म्हणाला, "बीए, तुला म्हाईत हाय? मी पडलो तवा मला ऐकू आलं व्हतं. दादा झाली म्हणला ते. मला वाटलं, बरं झालं, वेळ चांगला लागला." बीए म्हणजे मी. मराठी घेऊन बीए झाल्यापासून तो मला त्याच नावाने हाक मारायचा.

"मग सांग की त्याला," मी म्हणालो.

"त्यानं एकदा म्हणावं, मग सांगंन."

यंदाच्या जुलैत, शर्यत अर्ध्यावर आलेली असताना, चॅनेल गेलं. पडदा काळा. आधी वाटलं, वाऱ्याने डिश हलली. गोरखदादाने नाशिकच्या एका डिशवाल्याला फोन लावला. चॅनेल त्या उपग्रहावरून उठून दुसऱ्यावर गेलं होतं. अजून फुकटच होतं, पण डिश पश्चिमेकडे फिरवायला लागणार होती. आणि तिचे बोल्ट इतक्या वर्षांत गंजून एकजीव झाले होते.

दोन दिवस तो पावसात वर चढून बोल्टवर रॉकेल ओतत राहिला. भिका पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने भिंतीकडे तोंड केलं. वहिनी जखम धुवून बाहेर आली आणि तिने पाण्याचं पातेलं ओतून दिलं.

"ऱ्हाऊ दे दादा," भिका भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "आता पुढल्या साली."

"शनवारी एकेकाची बारी हाय," गोरखदादा म्हणाला. "शनवारी मी तुला ती दाखवतो. तू फक्त बसायचं."

शनिवारी सकाळी उघाड होती. बोल्ट सुटले. मी खाली टीव्हीपाशी उभा राहिलो. पडद्यावर सिग्नलची पट्टी होती. लाल म्हणजे काही नाही, पिवळी म्हणजे जवळ आलं, हिरवी म्हणजे चित्र. पट्टी बघून ओरडायचं काम भिकाचं. तो दोर धरून बसला होता. दाढी केली होती.

"किती?" वरून आवाज आला.

"लाल!"

"आता?"

"लालच हाय!"

"आयला, तुला रंग तरी कळत्यात का?"

"वर येऊन दावू का?"

दोघंही हसले. वरचं हसू खिडकीतून खाली आलं. मग डिशचा करकर आवाज झाला.

"एक बोट सरकवतो. आता?"

"लाल... लाल..." आणि मग भिका इतक्या मोठ्याने ओरडला की मी दचकलो. "पिवळी! दादा, पिवळी झाली! थांब तिथंच! झाली! झाली! झाली!"

त्या घरात तो शब्द ओरडलेला मी पहिल्यांदा ऐकला. भिकाच्याही ते लक्षात आलं असावं. तो एकदम थांबला. आम्ही वरच्या उत्तराची वाट पाहिली.

"दादा, आता हिरवी व्हायला एक बोट लागंल," भिका म्हणाला.

वर शांत होतं.

"गप का बसला? रागावला का? बरं, न्हाई म्हणत. दादा? बोल की."

थोडं थांबून तो मला म्हणाला, "बीए, बघ रं, काय करतोय ह्यो."

मी लोखंडी शिडीने वर गेलो. गोरखदादा डिशच्या खांबाला पाठ टेकून बसला होता. पाय पसरलेले. एक चप्पल पायात, एक बाजूला. पाना बोल्टवरच अडकलेला होता. तोंड पश्चिमेकडे. मला वाटलं, दमलाय. मी त्याच्याजवळ जाऊन बसलोसुद्धा. "पिवळी झाली दादा," असं म्हणालोसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, हृदय. चाळिशीचा माणूस. कधी छातीवर हात ठेवलेला कुणी पाहिला नव्हता.

त्याला खाली उतरवायला माणसं जमली. अंगण भरलं. वहिनीचा आवाज मला अजून ऐकू येतो, तो लिहिता येत नाही. घरात टीव्ही तसाच चालू होता. पिवळी पट्टी तशीच होती. भिका दोर धरून बसलेला होता. त्याला निजवायचं कुणाला सुचलं नाही. गोरखदादाला अंगणातून नेताना चार जणांनी भिकाला उचलून दारात आणलं. त्याने भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि काढला. रडला नाही.

रात्र व्हायच्या आत सगळं आटोपलं. परत आलो तेव्हा भिका पुन्हा टीव्हीसमोर दोर धरून बसलेला होता. फ्रान्समध्ये तेव्हा एकेकाची बारी चालू असणार. मी टीव्ही बंद केला.

"बीए," तो म्हणाला, "मी झाली म्हणलो तवा त्यो व्हता का?"

मी रिमोट टीव्हीवर ठेवला. 

"त्यानं ऐकलं आसंल का?"

"ऐकलं असेल," मी म्हणालो.

"मला त्याला एक सांगायचं व्हतं," भिका म्हणाला. मग त्याने दोर सोडला.

नंतर स्पेनची शर्यत आली आणि गेली. मी नाशिकच्या त्या डिशवाल्याला फोन केला. तो यायला तयार होता. म्हणाला, पाच मिनिटांचं काम. भिकाने नको म्हटलं. मी स्वतः फिरवतो म्हणालो, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं. वहिनी अजून रोज त्याला बसवायला जाते. तो नाही म्हणत नाही आता. शिव्याही देत नाही. तिने हात सोडला की आडवा होतो.

काल मी स्लॅबवर गेलो होतो. बोल्ट सैल आहेत, पण वाऱ्याने डिश हललेली नाही. पाना बोल्टवरच आहे. त्याला गंज धरलाय. खांबावर गोरखदादाने तेली खडूने एक रेघ ओढली होती, डिश कुठवर आणायची त्याची. पावसाने ती पुसट झाली आहे, पण दिसते. मी बोट लावून पाहिलं. डिशची कड आणि रेघ यांच्यामध्ये माझं एक बोट बरोबर बसलं.