साठाचे आठ

रुग्णालयात तिला सगळे टाईपबाई म्हणत. सोनोग्राफी विभागातले डॉक्टर तपासणी करता करता एका छोट्या यंत्रात बोलायचे. ते रेकॉर्डिंग ऐकून अहवाल टाईप करायचा, हे तिचं काम. बावीस वर्षं तिने हेच केलं. आधी विभागातल्या कोपऱ्यात बसून, आणि पुढे घरी, स्वयंपाकघर नि बाहेरची खोली यांच्यामधल्या बोळात. तिथे टेबल-खुर्ची मांडल्यावर नवऱ्याला अंग चोरूनच ये-जा करावी लागे.

कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोठे डॉक्टर बोलताना अर्धे शब्द गिळत. पण त्यांच्या नुसत्या खाकरण्यावरून वाक्य संपलं की अजून शेपूट बाकी आहे, हे तिला कळायचं. तिचा अहवाल ते न वाचताच सही करत. टाईपबाईने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

दोन वर्षांपूर्वी तिचे कान दगा देऊ लागले. आधी तिला वाटलं, डॉक्टरच हल्ली पुटपुटतात. तिने आवाज वाढवला, हेडफोन बदलला. मग एकदा दारावरची घंटा तिला ऐकूच आली नाही आणि शेजारीण बराच वेळ बाहेर ताटकळत उभी राहिली. त्या दिवशी तिला काय ते समजलं. पण तिने कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. ऐकू न येणाऱ्या टाईपबाईला कामावर कोण ठेवणार? न कळलेला शब्द ती पुढच्या-मागच्या शब्दांवरून ताडायची, आणि बहुतेक वेळा निभावून जायचं.

आकडे मात्र ताडता येत नाहीत. एका बाईच्या पोटातली गाठ डॉक्टरांनी साठ मिलिमीटर सांगितली होती. टाईपबाईला आठ ऐकू आलं, तिने आठ लिहिलं, आणि खाली सही झाली. त्या बाईला सांगण्यात आलं की गाठ बारीक आहे, घाबरू नका, सहा महिन्यांनी या. तीन आठवड्यांनी तीच बाई पोट धरून परत आली, तेव्हा चूक सापडली.

मोठ्या डॉक्टरांनी टाईपबाईला बोलावून घेतलं. ती गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती आणि दुरुस्त केलेल्या अहवालातल्या एकेका ओळीखाली बोट सरकवत होती. ही तीच, हे टाईपबाईला कोणी सांगावं लागलं नाही.

आत डॉक्टर म्हणाले, "बाई, हे तुमच्या हातून कसं झालं?"

"लॅपटॉप फार जुना झालाय, डॉक्टर. आवाज फाटतो त्याचा."

तोंडून हे कसं निघून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही. पण एकदा निघालं ते निघालं.

"मग नवीन घ्या. पंधरा दिवस देतो. तोवर दुसरं कोणी बघेल. त्यानंतर एक जरी आकडा चुकला, तरी मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

नवरा बस आगारातला निवृत्त मेकॅनिक. त्यालाही तिने हीच थाप मारली आणि त्याने ती तत्काळ खरी मानली. यंत्र बिघडलं म्हणजे काम बिघडणार, हे त्याच्या हाडात भिनलेलं. तो म्हणाला, "आता चांगल्यातला घेऊ. आयुष्यभर रडक्या मशीनवर काम केलंस." तो रोज वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून तिच्या टेबलावर ठेवू लागला.

आणि तिलाही हळूहळू आपलीच थाप पटायला लागली. कोण जाणे, खरंच लॅपटॉपचाच दोष असेल. त्याचं बिजागर खिळखिळं झालेलं, दोन बटणांवरची अक्षरं पुसून गेलेली. आवाजही फाटत असेल. नव्यावर सगळं लख्ख ऐकू येईल. रात्री अंथरुणात नाही, भर दुपारी भांडी घासताना ती असं मनाशी घोकायची, आणि तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

नवव्या दिवशी दोघं दुकानात गेली. विकणारी मुलगी चटपटीत होती. तिने आधी महागाचा लॅपटॉप उघडला. पातळ, थंडगार, आरशासारखा.

"काकू, याचा आवाज ऐका. इतका स्वच्छ आवाज दुसऱ्या कशाला नाही," म्हणत तिने बातम्या लावल्या.

टाईपबाईने हेडफोन कानावर घट्ट दाबले आणि डोळे मिटले. कोणीतरी तोंडावर उशी धरून बोलत असावं, तसं ऐकू आलं. तिने आवाज वाढवायला सांगितला. गोंगाट वाढला, पण शब्द सुटे होईनात. स, श, फ जिथे असायला हवेत तिथे नुसत्या फटी. घरच्या जुन्या लॅपटॉपवर ऐकू यायचं तसंच, उन्नीस-बीसचाही फरक नाही. तिने हेडफोन काढून ठेवले.

"छान आहे ना?" नवरा विचारत होता.

तिने समोरच्या मांडणीकडे बोट केलं. तिथे राखाडी रंगाचा एक जाडजूड, साधा लॅपटॉप होता. "त्याची किंमत काय?"

तो निम्म्याहूनही स्वस्त होता. मुलगी प्रामाणिक निघाली. म्हणाली, "टायपिंग, मेल आणि रेकॉर्डिंग ऐकणं एवढंच असेल, तर हा भरपूर झाला, काकू. चित्रफिती वगैरे बनवायच्या असत्या तर गोष्ट वेगळी."

टाईपबाईने त्याची बटणं दाबून पाहिली. खोल जात होती, बोटाला कळत होती. "हाच द्या."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, पैशांचा विचार करू नकोस. मी स्कूटर विकली."

"कधी?"

"परवा. तुला नोकरी टिकवायची आहे ना? मग असल्या डबड्यावर कशाला अडून बसतेस?"

ती त्याच्या कानाशी वाकली आणि आपल्या मते अगदी हळू म्हणाली, "अहो, लॅपटॉपला काही झालेलं नव्हतं. माझे कान गेलेत. उरलेल्या पैशात मला कानाचं मशीन घ्यायचंय."

ती ओरडली होती. दुकानातली सगळी माणसं वळून बघत होती. नवरा तिच्या समोर येऊन, तिला ओठ दिसतील असा, म्हणाला, "म्हणजे मी हाक मारायचो तेव्हा तू मुद्दाम गप्प बसत नव्हतीस?"

"नाही हो."

"मला वाटायचं, माझ्याशी बोलायचाच तुला कंटाळा आलाय. दोन वर्षं हेच वाटतंय."

राखाडी लॅपटॉप घेऊन ती तिथून थेट कानाच्या तपासणीला गेली. तपासणाऱ्याने सांगितलं, बारीक आवाज गेलेत ते परत यायचे नाहीत. मशीनने जमेल तेवढं जमेल. दोन कानांची दोन मशीनं परवडणारी नव्हती. एकच घेतलं, उजव्या कानाचं.

उरलेले दिवस दोघं त्या बोळात बसून होती. मशीनमुळे पंख्याची घरघर आणि कागदाची सळसळ डोक्यात घुसू लागली, आणि त्यांच्या आड डॉक्टरांचा आवाज पुन्हा लपायचा. सरावाला तिने जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. ती टाईप करायची, नवरा तेच ऐकून पडताळून बघायचा. सरावाच्या पहिल्या दिवशी दहा अहवालांत चार आकडे चुकले. मुदतीच्या तेराव्या दिवशी दोन.

"दोनच," नवरा म्हणाला.

"दोन म्हणजे दोन माणसं," ती म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

चौदाव्या दिवशी ती आपणहून डॉक्टरांकडे गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. लॅपटॉपची थापही. डॉक्टरांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"सही माझी होती, बाई. न वाचता केलेली," ते म्हणाले. "तुमच्या एकटीच्या माथी नाही मारत. पण ऐकायचं काम आता तुम्हाला नाही देता येणार."

"हो. मला माहीत आहे."

पिशवीवाल्या बाईचं काय झालं, हे विचारायचा धीर तिला दारापाशी गेल्यावर झाला. शस्त्रक्रिया झाली होती. पुढचं आत्ताच सांगता येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले.

महिन्याभराने तिला तळघरातल्या दफ्तरखान्यात काम मिळालं. हाताने लिहिलेले जुने केसपेपर वाचून टाईप करायचे. पगार आधीच्या निम्म्याहून कमी, आणि कागद संपतील तेव्हा कामही संपणार. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडून बसली, तेव्हा तिथला कारकून पाठमोरा उभा राहून काहीतरी सांगत होता. टाईपबाईने त्याला थांबवलं.

"मला कमी ऐकू येतं. समोर येऊन बोलत जा."

कारकुनाने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.