लिंब तोडा म्हणाला

आमच्या परभणीकडं कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात. खायचं ते लिंबू. साताऱ्याहून बदलून आलेला माझा शेजारी मात्र लिंबूलाच लिंब म्हणायचा. हा फरक मला ठाऊक होता, हे आधीच कबूल करते.

त्यानंच माझ्या शेळ्यांच्या वासाबद्दल नगरपालिकेत तक्रारीचा अर्ज केला. सातही शेळ्या विकाव्या लागल्या. शेवटची गेली त्या दिवशी मी भाकरीला हात लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, "मावशी, तेवढं लिंब तोडून टाका. काट्यांनी आमचे कपडे फाटतायत."

कडुलिंबाला काटे नसतात, हे शेळ्यांमागं जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. मी म्हणाले, "बरं भाऊ, तोडते की."

दुसऱ्या दिवशी माणूस लावून कडुलिंब पाडला. झाड माझ्या अंगणात, पण दुपारनंतर त्याची सावली सगळी शेजाऱ्याच्या मावळतीच्या भिंतीवर पडायची. तो संध्याकाळी आला आणि बघतच राहिला.

"मावशी, हे काय केलंत?"

"तुमीच म्हणलाव न्हवं, लिंब तोडा."

कुंपणालगतची काट्यांची लिंबोणी तशीच उभी होती.

आतापर्यंत त्यांचं एका कूलरवर भागायचं. आता ती भिंत दुपारभर तापायची आणि दिवस मावळल्यावर खोली भाजून काढायची. कूलर पुरेना, म्हणून एसी आला. तोही दुपारपासून झोपेपर्यंत घरघरत राहायचा. मी दारात बसून ऐकायचे. चांगली जिरली, म्हणायचे.

मे महिन्यात त्याची आई गावाकडून आली. दर उन्हाळ्यात यायची, त्याच भिंतीच्या खोलीत निजायची. आली त्याच दुपारी लाईट गेली, तशी घामानं निथळत माझ्या पायरीवर येऊन बसली. मागोमाग तोही आला.

"इथलं झाड कुणी गं पाडलं? त्याच्या जिवावर माझा उन्हाळा निघायचा."

"तुमच्या लेकानंच सांगितलं व्हतं," मी म्हणाले.

तिनं वळून विचारलं, "खरं का रे?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम पाडलं म्हणायचं तर शेळ्यांच्या अर्जापासून सांगावं लागलं असतं, आणि माझ्या शेळ्यांच्या दुधाचा चहा म्हातारीला फार आवडायचा.

"हो, आई," तो म्हणाला.

म्हातारी त्याला माझ्यासमोर नाही नाही ते बोलली. मी तिला पाणी दिलं, पदरानं वारा घातला. तिची मला कीव आली, पण खरं काय ते सांगितलं नाही. आजही त्यांची लाईट गेली की मला बरं वाटतं.