यशोधराची फ्लॉपी

यशोधरा भिंगारदिवेचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता. बाजारातून तोलून आणलेली वांगी ती घरी पुन्हा तोलायची. १९९७ साली श्रीरामपूरला ती शिकत होती त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेम बनवायची स्पर्धा लागली. पहिला येईल त्याला तिथंच शिकवायची नोकरी. तिला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. पण स्पर्धेतला योगेश हा क्लासच्या सरांचा भाचा. म्हणजे निकाल लागलाच म्हणायचा!

सगळ्यांनी आपापल्या फ्लॉप्या जमा करायच्या, एकमेकांचे गेम खेळायचे आणि चिठ्ठीवर दहापैकी गुण, अभिप्राय आणि सही, असा नियम होता. यशोधराने महिनाभर खपून उसाची ट्रॉली खड्डे चुकवत कारखान्यापर्यंत न्यायचा गेम केला होता. फ्लॉपी देता देता तिने कोपऱ्यातली बारकी खिट्टी सरकवली. आता तिच्यात कुणाला काही लिहिता येणार नव्हतं, की खोडता येणार नव्हतं. योगेशच्या चिठ्ठीवर तिने 'कंटाळवाणा' लिहून दोन गुण टाकले. त्याचा गेम उघडायचीही तिला गरज वाटली नाही.

तिच्या गेमच्या चिठ्ठ्या आल्या. शून्य. एक. शून्य. 'नाव टाकलं की बंद पडतो.' शेवटची चिठ्ठी वाचायलाही ती थांबली नाही.

"समद्यांनी ठरवून केलंय सर! काल तर चांगला चालत हुता. भाच्यासाठीच हाय हे सगळं!"

सरांनी शांतपणे फ्लॉपी मशीनमध्ये घातली. "तूच चालव."

तिने नाव टाकलं. खेळणाऱ्याचं नाव फ्लॉपीवर लिहायचं आणि मगच खेळ सुरू करायचा, असा तिचाच गेम. आणि लिहिण्याची वाट तिनेच बंद केलेली. गेम जागीच थांबला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी खिट्टी सरकवली. ट्रॉली धावायला लागली. "सगळे पुन्हा खेळा, पुन्हा गुण द्या," सर म्हणाले. पोरं कॉम्प्युटरभोवती जमली.

यशोधराने हातातली शेवटची चिठ्ठी उलगडली. 'चालत नाही, पण पहिल्या स्क्रीनवरची ट्रॉली लई भारी काढलीय. कुठंतरी बारकी चूक असंल. सहा गुण.' खाली योगेशची सही.

तिने ती दोनदा वाचली. पलीकडे तिच्याच गेमवर पोरं ओरडत होती, आणि नोकरी आता हाताशी आली होती.

"सर," ती म्हणाली, "म्या योगेशला दिल्याली चिठ्ठी परत द्या. म्या त्याचा गेम बघितलाच न्हाई."