नंदाताईचं इटालियन

खोक्याला टेप मारून झाली की नंदाताई त्या खोक्याला म्हणायची, "ग्रात्सिए." म्हणजे इटालियनमध्ये धन्यवाद. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये आम्ही दोघी एकाच टेबलावर पॅकिंगला होतो. दिवसभर उभं राहून माझे पाय भरून यायचे आणि ही बया कानात मोबाइलची वायर घालून पुटपुटत असायची! मला आधी वाटलं, पत्र्याच्या उकाड्यानं हिचं डोकं फिरलं.

तसं नव्हतं. एका एजंटाने तिला सांगितलं होतं, इटलीत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम मिळतं, भाषा तेवढी यायला हवी. सांभाळण्याचा अनुभव तिला दांडगा. वळ गावात तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. पहाटे तिचं सगळं आवरून, तिला भरवून नंदाताई ड्युटीला यायची. घरी गेली की पुन्हा तेच.

"नुसतं ग्रात्सिए न्हाय गो," ती मला शिकवायची. "लयच उपकार झाले तर ग्रात्सिए मिल्ले. हजार वेळा धन्यवाद." मग जांभई देत म्हणायची, "एवढे आभार मानतात, तर आपल्या म्हाताऱ्यांना सोता का न्हाय बघत?"

मी हसायचे. एकदा ती हसली नाही. "मला जन्मात एकदा तरी कुणी असं म्हणायला पायजे, बाय. सासू म्हणत न्हाय, नवरा म्हणत न्हाय. दमले गो मी."

घरी तिने सासूवरच सराव करून पाहिला. रिकामा पेला हातात घेताना म्हणाली, "ग्रात्सिए," आणि अर्थही सांगितला. म्हातारी खेकसली, "मेले, घरात कसले आभार? भात आण, गार होतो." हे मला सांगताना नंदाताई इतकी चिडली होती की टेप वाकडी लागली.

पुढे सासू गेली. कागदपत्रं झाली आणि नंदाताईही इटलीला गेली. निघताना मी म्हटलं, "आता ऐक पोटभर."

परवा जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. आवाज ओढलेला. तिकडची म्हातारी फार गोड आहे, म्हणाली. दर घासाला ग्रात्सिए म्हणते.

"मग झालं ना तुझ्या मनासारखं?"

"पयलं पयलं बरं वाटून रडू यायचं. आता तिनं म्हटलं ना गो, की कळतं, मी कामाला आलेय. आमची मेली म्हातारी नुसती खेकसायची. पण ते माझं घर होतं."