दुसरं ताट

"तुमच्याकडं कसं बोलतात ते आम्हाला जमत नाही. चित्राखालची ओळ तूच लिही." संपादकांनी व्यंगचित्र माझ्या टेबलावर ठेवलं. चारपाच जण आधीच हसत होते.

चित्रात जेवणाची रांग होती. पुढं एक लठ्ठ बाई. दोन्ही हातांत ताटं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर आमच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हाची ही गोष्ट. माझी मावशी गाव सोडून उस्मानपुऱ्याजवळच्या एका शाळेतल्या छावणीत राहत होती. चित्र येण्याच्या आदल्या दिवशी मी तिला तिथल्या जेवणाच्या रांगेत पाहिलं होतं. वाढणारा म्हणाला, "एका माणसाला एकच ताट." ती म्हणाली, "दुसरं शेजारच्या म्हातारीचं हाय, बाबा. पाय भाजलेत तिचे. उठता येत नाय."

बातमी होईल म्हणून हे कचेरीत मीच सांगितलं. व्यंगचित्रकारानं ताटं घेतली, म्हातारी सोडून दिली.

मी ओळ लिहिली : "नामांतर पचवायचं हाय सायब, एका ताटानं कसं भागंल?"

"अस्सल," संपादक म्हणाले. मीही हसलो. चिकलठाण्याच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडून मी इथं आलो होतो. खुर्ची टिकवायची होती. हे कारण आहे, सबब नाही.

अंक शाळेत पोचला. मावशीला अक्षर येत नव्हतं. तिनं तो माझ्याच हातात दिला. "वाच."

मी वाचलं.

"मी येवढी जाड हाय व्हय?" ती म्हणाली. मग तिनं ओळीवर बोट ठेवलं. "हे आपल्यातल्यानंच लिवलंय. त्यांना असं बोलता येत नाय. कोण हाय रं त्यो?"

"माहीत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती एकच ताट नेऊ लागली. त्यातलं अर्धं म्हातारीला.

हे चित्र आलं कुठून ते बघायला आठवड्यानं मी व्यंगचित्रकाराचं कपाट उघडलं. आत जुन्या इंग्रजी व्यंगचित्रांचं बाड होतं. एका चित्रात लंडनचं गरीबघर. गरिबांना कोंडून राबवायचं, बदल्यात पातळ पेज द्यायची, असं सरकारी घर. रांगेतली माणसं हाडकुळी. पोट सुटलेलं, ते पळी धरणाऱ्या अधिकाऱ्याचं. आमचं चित्र बटर पेपरवर उतरवून मी त्यावर ठेवलं. भिंत जुळली. हंडा जुळला. रांग जुळली. फक्त पोट सरकलं होतं. अधिकाऱ्याकडून मावशीकडं.

दोन्ही चित्रं संपादकांपुढं ठेवली. "पोट इकडं कसं आलं?"

"विनोद आहे रे. तुम्ही लोक लगेच मनाला लावून घेता." त्यांनी नवं चित्र पुढं सरकवलं. "याला ओळ दे."

"देणार नाही."

"मग दुसरा देईल."

"त्याला आमची बोली येत नाही."

खुर्ची सोडली. थेट शाळेत गेलो. जेवणाची वेळ होती. एक ताट घेऊन मावशीच्या मागं उभा राहिलो.

"हे कुणाला?"

"म्हातारीला. मावशे, ती ओळ मी लिहिली."

तिनं वळून पाहिलं. रांग पुढं सरकली, तीही सरकली. ताट म्हातारीपर्यंत मीच नेलं. मावशी पुढं कधीच माझ्याशी धड बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून ज्याच्याबद्दल लिहितो, त्याला ते आधी वाचून दाखवतो. त्याच्या तोंडावर जी ओळ वाचता येत नाही, ती लिहीत नाही. कुणीही सांगो.