भात बंद केला आणि हात थरथरू लागले

"तुम्हाला डायबिटीस आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला आधी दादा आठवला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्यालाही साखर होती. दोन वर्षांपूर्वी जेवताना त्याला दरदरून घाम फुटला आणि माझ्यासमोरच तो गेला. हार्ट अटॅक होता.

नायगावच्या त्या दवाखान्यात डॉक्टर पुढे बरंच बोलले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, बरीच वाढलेली होती. रक्तदाबाची गोळी मला आधीपासून होती, आता साखरेचीही सुरू झाली. "भात, चपाती जरा कमी करा आणि महिन्याने दाखवा," ते म्हणाले. माझ्या डोक्यात मात्र दादाचा ओला शर्टच होता.

मी नायगावजवळच उमेळ्यात राहते, घरीच ब्लाउज शिवते. आमच्याकडे दोन्ही वेळा भात लागतो. पण मी इतकी घाबरले होते की 'जरा कमी' माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. मोबाइलवर लो-कार्बचे व्हिडिओ बघितले. लो-कार्ब म्हणजे धान्य, बटाटा, गोड असं सगळं कमी करायचं आणि अंडी, मासे, पनीर, भाज्या यांवर भागवायचं. मी भात, भाकरी, पाव एकदमच बंद केलं. रक्तदाब आहे म्हणून मीठही तोडलं. डॉक्टरांना विचारलं नाही.

सासूबाईंना ते बघवेना. "भात नाय ते जेवन कसलं? अंगात ताकद कुठून येनार?" त्या म्हणाल्या.

"आई, साखर उतरवायची तर करावंच लागेल," मी म्हणाले.

पहिला दिवस बरा गेला. मग डोकं दुखायला लागलं. कपाळाला घट्ट पट्टी बांधावी तसं. तोंडाला विचित्र वास येऊ लागला. मशीनवर बसलं की पोटरीत गोळा यायचा आणि शिवण अर्धवट टाकून मी भिंतीला धरून उभी राहायची. बसल्या जागेवरून उठलं की डोळ्यांसमोर काळोखी यायची. सगळ्यात वाईट म्हणजे छातीतली धडधड. नुसतं पाणी भरलं तरी छातीत कोणी आतून थापा मारतंय असं वाटायचं.

व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'हे होतंच, सहन करा, शरीरातली घाण बाहेर पडतेय.' मी त्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरी शक्यता मला ऐकायचीच नव्हती. नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो वसई पूर्वेच्या कारखान्यात कामाला आहे. थकून येतो. पण खरं कारण वेगळं होतं. 'मला दादासारखं होतंय' हे तोंडातून निघालं तर ते खरं ठरेल, असं मला वाटत होतं.

त्या दुपारी शेजारच्या बिल्डिंगमधल्या मेघाताई मापाला आल्या होत्या. सकाळची गोळी घेऊन मी फक्त एक अंडं खाल्लं होतं. टेप त्यांच्या खांद्यावर लावला आणि त्यावरचे आकडे दिसेनासे झाले. हात थरथरायला लागले. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला.

"वहिनी, तुम्ही पांढऱ्या पडलात. बसा खाली," मेघाताई म्हणाल्या.

मी बसले ती आडवीच झाले. आता आपली वेळ आली, एवढंच मनात होतं. मेघाताईंनी रिक्षा आणली. सासूबाई अनवाणीच रिक्षात चढल्या. रस्ताभर त्या माझा हात चोळत होत्या आणि मी मनात म्हणत होते, आईंसमोर नको.

हॉस्पिटलमध्ये नर्सने आधी बोट टोचून साखर बघितली. "खूप लो आहे," ती म्हणाली आणि लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्याच वेळात थरथर थांबली. पण धडधड होतीच. ड्युटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. भावाचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "हृदयही तपासून घेऊ."

ईसीजी काढला. हा हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. मग ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ते त्या तपासणीत कळतं. काही तासांनी पुन्हा एकदा घ्यायचं होतं. ते तास मी कधी विसरणार नाही. नवरा कारखान्यातून तसाच आला होता, पलंगापाशी उभा होता, आणि मी त्याच्याकडे बघणं टाळत होते. दार उघडलं की डॉक्टरबाई आल्या का ते बघायची.

शेवटी डॉक्टरबाई आल्या. "हार्ट अटॅक नाही," त्यांनी आधी तेच सांगितलं. मग स्टूल ओढून बसल्या. "मागच्या काही दिवसांत खाण्यात काय बदललं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं.

"धान्य अचानक बंद केलं की सुरुवातीला शरीर पाणी आणि क्षार बाहेर टाकतं," त्या म्हणाल्या. "त्याने डोकं दुखतं, पेटके येतात, धडधडतं. काही जण याला कीटो फ्लू म्हणतात. तुम्ही वर मीठही तोडलंत, त्यामुळे सोडियम उतरलं. आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या. साखर आणि बीपी दोन्ही गरजेपेक्षा खाली गेली."

"म्हणजे हे खाणं वाईट?" नवऱ्याने विचारलं.

"वाईट नाही. पण गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता करायचं नाही. आणि इतकी धडधड, चक्कर, घाम म्हणजे सहन करायची गोष्ट नाही."

दुसऱ्या दिवशी घरी आले. नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बदलून दिल्या. भात वाटीभर ठेवला आणि हळूहळू कमी करायला सांगितलं. साखर आता उतरतेय. मेघाताईंचे उपकार मी मानते, आणि त्या डॉक्टरबाईंचेही.

तुमच्यापैकी कोणी आजच भात सोडायला निघालं असेल, तर आधी आपल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि काही वेगळं वाटलं तर घरात बोला. मला हे उशिरा जमलं.

परवा संध्याकाळी पुन्हा छातीत जरा धडधडलं. जीव घाबराघुबरा झाला. या वेळी मी मशीन थांबवलं आणि हाक मारली, "अहो, मला भीती वाटतेय."

त्याने टीव्ही बंद केला, साखर तपासायचं यंत्र आणलं आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला. "बोट दे," तो म्हणाला. "आणि काय काय होतंय ते सगळं सांग."