डावीकडचं माझ्यावर सोड

आमची गाडी ज्या दिवशी एका हातगाडीला लागली, त्या दिवशी नाना डाव्या सीटवरून उतरले. पुन्हा ते कधी गाडी शिकवायला बसले नाहीत.

नाना माझे धाकटे काका. धुळ्याला, देवपुरात त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. गाडी एक, मास्तरही एकच. साठीच्या आसपास त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. मग त्यांनी एक चष्मा करून आणला. त्याच्या दोन्ही काचांत, वरच्या बाजूला, अंगठ्याएवढी एकेक दुर्बीण बसवलेली होती. एरवी खालच्या काचेतून बघायचं. लांबची पाटी वाचायची असली की हनुवटी क्षणभर खाली घ्यायची, म्हणजे डोळे दुर्बिणींना लागतात. काही देशांत असा चष्मा लावून गाडी चालवायची परवानगी मिळते. आपल्याकडे तशी सोय नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. आम्हाला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं की नंबर वाढला.

"नाना, हे काय बसवलं?" असं कुणी विचारलं की म्हणत, "भिंग शे. तुमच्या चुका मोठ्या दिसाव्यात म्हणून."

त्यांची हनुवटी बघून शिकणारेही चौक आला की हनुवटी खाली घालू लागले. हा गाडी चालवण्याचाच भाग असावा असं त्यांना वाटे. परीक्षेला बसलेल्या एकाला तिथल्या साहेबांनी विचारलं, "देवपूरच्या नानांकडचे का?" नानांनी हे घरी हसत सांगितलं. काकू भाकरी थापता थापता म्हणाली, "हसा. उद्या बठ्ठं देवपूर माना खाली घालून फिरेल."

घाबरणाऱ्याला ते एकच वाक्य सांगत : "उजवीकडे तू बघ, डावीकडचं माझ्यावर सोड." त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक होता. या वाक्यावर विसंबून कितीतरी बायका गाडी शिकल्या.

सईदाभाभी त्यांतल्याच. गाद्या भरायचं दुकान होतं त्यांचं. साखरेच्या दुखण्यात नवऱ्याचा पाय काढावा लागला आणि मालाची गाडी चालवायला घरात दुसरं कुणी उरलं नाही. हातगाडी लागली त्या दिवशी मी जळगावहून आले होते. बाजारात उतरायचं म्हणून मागे बसले. चौकात भाभी थांबल्या. नानांनी हनुवटी खाली घेतली, पलीकडचा सिग्नल पाहिला आणि म्हणाले, "चल, मोकळं आहे."

डावीकडून वांग्यांची हातगाडी आली. ती लवंडली, वांगी रस्ताभर झाली आणि गाडीवाल्याचं मनगट मोडलं.

"बाईना हातमा गाडी कसाले देतस, नाना?" तो कळवळून ओरडला.

भाभी रडत हात जोडत होत्या. "माझा पाय चुकला, भाऊ. माझाच चुकला."

नाना म्हणाले, "शिकतेय अजून. होतं असं."

त्यानंतर भाभी शिकायला आल्या नाहीत. आपल्याच्यानं हे होणार नाही, असा निरोप त्यांनी पाठवला. नाना जेवायला बसत आणि ताट तसंच सारून उठत. एका सकाळी मला म्हणाले, "चल गं माझ्यासोबत. एकट्यानं तोंड नाही दाखवता येणार."

भाभींनी चहा ठेवला आणि पुन्हा माफी मागायला लागल्या. नानांनी त्यांना थांबवलं, चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "लाव. वरच्या दुर्बिणींतून त्या समोरच्या दुकानाची पाटी वाच."

"अरे वा! किती जवळ आली!"

"आता त्याच दुर्बिणींतून बघत राहा. मी कुठं आहे?"

नाना त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. भाभी म्हणाल्या, "नाही दिसत."

"हातगाडी अशीच नजरेतून गेली. मधलं मला दिसतच नाही. कडेचं दिसतं, तेही यातून बघताना जातं. तू थांबली होतीस. चल म्हणालो मी. आणि लोकांसमोर तुझ्यावर ढकललं."

भाभींनी चष्मा काढून सतरंजीवर ठेवला. आवाज चढवला नाही. "त्याच्या आदल्या दिवशी माझी मुलगी मागे बसली होती, नाना. तुम्हीच म्हणालात, बसू दे पोरीला."

नानांची मान खाली गेली. चहा तसाच राहिला.

तिथून ते हातगाडीवाल्याकडे गेले, मग परवाना परत करायला. दारावरची पाटी त्यांनी स्वतः काढली. पुढची वर्षं त्यांनी घरातच काढली. कुणी जुना विद्यार्थी पाया पडायला आला की ते पाय मागे घेत. शेवटच्या आजारात मी वाचून दाखवत असे. मध्येच विचारत, "भाभीनं दुसरीकडे शिकून घेतलं ना?" मी हो म्हणे. पुन्हा तेच विचारत.

यंदा उन्हाळ्यात नाना गेले. भेटायला आलेल्यांत जो तो त्यांच्या चांगुलपणाचं बोलत होता. काकू ऐकत होती आणि दाराकडे बघत होती.

सईदाभाभी गाडी चालवतात. आमच्या घरी येत नाहीत.